डोळ्यांखालची काळी वर्तुळं: क्रीम घेण्याआधी आरसा खिडकीपाशी न्या

“माझं वय 31. डोळ्यांखाली काळी वर्तुळं कॉलेजपासून आहेत, गेल्या दोन वर्षांत जास्तच दिसायला लागली. आठ तास झोपते, पाणी भरपूर पिते, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्या. तीन वेगवेगळी आय क्रीम्स संपवली, फरक शून्य. एका डॉक्टरांनी लेसर सांगितलं, दुसऱ्यांनी फिलर. कुणाचं ऐकू? (सकाळी उठल्यावर शिंका येतात आणि डोळे खाजतात, पण ते लहानपणापासूनच आहे.)”

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही कंसात टाकली आहे. ओपीडीतही हेच होतं. पेशंट पंधरा मिनिटं क्रीमबद्दल बोलतो आणि उठून दारापाशी गेल्यावर सांगतो, “हां, आणि नाक कायम चोंदलेलं असतं.” त्वचारोगांची प्रॅक्टिस करून मला वीसहून जास्त वर्षं झाली. डोळ्यांखालच्या काळेपणावर औषध निवडणं त्यामानाने सोपं. तो काळेपणा नेमका कुठला आहे हे ठरवणं अवघड. ‘डार्क सर्कल’ हे रोगाचं नाव नाही. ‘ताप’ म्हटल्यावर जसं काहीच कळत नाही, तसंच हे.

म्हणून दोन डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले यात मला आश्चर्य वाटत नाही. एकाने बहुधा रंग पाहिला, दुसऱ्याने खळगा (फिलर म्हणजे खळगा भरायचं जेल). दोन्ही तुमच्या चेहऱ्यावर असू शकतात. पण नाकाबद्दल दोघांनीही विचारलेलं दिसत नाही.

खालच्या पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गालाला चिमटा काढलात तर बोटांत चरबीचा थर येतो, पापणीला काढलात तर नुसती कातडी येते, कारण तिच्याखाली चरबी जवळजवळ नसतेच. लगेच खाली डोळे मिटणारा गोल स्नायू, गडद तांबडा, आणि त्याच्या आसपास बारीक शिरांचं जाळं. विरळ कापडाच्या अस्तराचा रंग बाहेरून दिसावा तसा हा सगळा मामला वरून दिसतो. त्यात प्रकाशाचीही एक गंमत आहे. कातडीच्या वरच्या थरातलं रंगद्रव्य तपकिरी दिसतं, पण तेच रंगद्रव्य खोल उतरलं की निळसर-राखाडी दिसायला लागतं. कातडीतून जाताना प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग जास्त परत येतो, म्हणून. शिराही त्यामुळेच निळ्या वाटतात. त्यामुळे ‘काळं’ दिसतंय एवढ्यावरून आत काय आहे ते कळत नाही. आणि पापणी संपून गाल सुरू होतो तिथे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तिरकी खाली जाणारी एक घळ असते. ती खोल असेल तर तिथे नुसती सावली पडते. कातडीचा रंग अगदी स्वच्छ असला तरी.

तर तपकिरी रंग, निळा-जांभळा रंग आणि सावली असे हे तीन प्रकार. बहुतेकांत दोन किंवा तिन्ही एकत्र असतात, फक्त प्रमाण वेगळं.

आता हातात आरसा घेऊन दिवसा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा. बाथरूममधला दिवा नको. तो डोक्यावर असतो, आणि डोक्यावरच्या दिव्याखाली कुणाच्याही डोळ्यांखाली खड्डे दिसतात. आधी नुसता रंग बघा: कॉफीसारखा की जांभळट? वरच्या पापणीवरही आहे का? उपजत तपकिरी रंग बऱ्याचदा वरच्या पापणीवरही पसरलेला असतो. शिरांचा निळेपणा बहुतेक वेळा खाली, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात जास्त असतो. मग गालावर बोट ठेवून पापणीची कातडी हळूच खाली ताणा. रंग तसाच राहिला, फक्त जरा पसरला, तर तो तपकिरी रंगद्रव्याचा. ताणल्यावर निळेपणा उलट उठून दिसला, एखादी शीर दिसायला लागली, तर रक्तवाहिन्यांचा. ताणल्यावर काळेपणा गेलाच, तर ती सावली होती. शेवटी मोबाइलचा टॉर्च डोळे मिटून अगदी समोरून, चेहऱ्याच्या उंचीवर कुणाला तरी धरायला सांगा आणि फोटो काढा. सावली समोरच्या उजेडात टिकत नाही.

ही परीक्षा मी पुस्तकातून शिकले होते, पण पटली एका चुकीनंतर. सुरुवातीच्या काळात पंचविशीतल्या एका मुलाला मी चार महिने रंग उजळवणारं मलम दिलं. प्रत्येक भेटीला तो म्हणायचा “फरक नाही”, आणि प्रत्येक भेटीला मी मलमाची ताकद एक पायरी वाढवायचे. चौथ्या महिन्यात तपासणीच्या खोलीतला छताचा दिवा बंद पडला, म्हणून मी घसा बघायची टॉर्च त्याच्या चेहऱ्यासमोर धरली. वर्तुळं नव्हतीच. हाडाच्या कडेलगत दोन खोल घळी, बस्स. चार महिने मी सावलीला मलम चोळत होते! वर त्या मलमाने त्याच्या पापण्या लाल होऊन सोलवटल्या होत्या; त्या पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात टॉर्च असते आणि ती मलमाच्या आधी बाहेर येते.

आता तुमच्या कंसाकडे.

नाकाच्या आतलं अस्तर ॲलर्जीने सुजतं तेव्हा तिथून जाणाऱ्या शिरांमधलं रक्त तुंबतं. खालच्या पापणीच्या शिरांचा निचरा याच भागाशी जोडलेला आहे, त्यामुळे मागे अडकलेलं रक्त पापणीखाली साचून राहतं आणि पातळ कातडीतून निळसर-जांभळं दिसतं. सोबत थोडी सूज. सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी. ॲलर्जीवाल्या लहान मुलांत तर हे इतकं ठळक असतं की आईवडील शाळेत मारामारी झाली का विचारतात. अशा मुलांच्या खालच्या पापणीवर पापणीच्या केसांना समांतर एक-दोन जादा घड्याही असतात. तुमच्याही असतील तर आरशात दिसतील.

पण तुंबलेलं रक्त ही अर्धी गोष्ट. ॲलर्जीने डोळे खाजतात, खाजलं की माणूस चोळतो, आणि वर्षानुवर्षं चोळलेली कातडी जाड आणि तपकिरी होते. निळ्याच्या जोडीला तपकिरी. ‘कॉलेजपासून होतं, आता वाढलं’ हे तुमचं वर्णन याच्याशी बरोबर जुळतं. तुम्ही म्हणाल, मी काही डोळे चोळत नाही. सगळे हेच म्हणतात. समोर बसलेला पेशंट बोलत असताना मी केसपेपरच्या कोपऱ्यात रेघा मारते; हात डोळ्याकडे गेला की एक रेघ. एका बाईंच्या दहा मिनिटांत अकरा रेघा झाल्या. त्यातल्या दोन, “छे, मी डोळ्यांना हातच लावत नाही” हे वाक्य बोलता बोलता. घरच्या कुणालातरी संध्याकाळभर तुमच्या रेघा मोजायला सांगा. चोळण्याचा संबंध फक्त रंगाशी नाही. बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा केराटोकोनस नावाचा आजार आहे, त्याच्याशीही सततच्या चोळण्याचा संबंध आहे. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर नेत्रतज्ज्ञांना हे जरूर सांगा.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा पहिला उपाय चेहऱ्याला लावायचा नाहीच, तो नाकात मारायचा आहे. ॲलर्जीच्या सर्दीवर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे हे सर्वांत भरवशाचं औषध. तो डॉक्टरांनी तपासून द्यायचा आणि रोज घ्यायचा. शिंका आल्या तरच मारला तर उपयोग अर्धाही होत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. मान मागे टाकून जोरात ओढू नका, औषध सरळ घशात जातं. डोकं जरा पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला ठेवा. म्हणजे घोळणा फुटत नाही. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मिळतात, ते वेगळे. ते तीन-चार दिवसांच्या वर वापरले तर नाक उलट जास्त चोंदायला लागतं आणि त्यांची सवय लागते. सोबत झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी आणि डोळे खाजत असतील तर ॲलर्जीचे थेंब, हे डॉक्टर ठरवतील. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवा. खाज आली की बोट न लावता थंड पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर दोन मिनिटं ठेवा. थंडीने खाजही मरते आणि शिराही थोडा वेळ आकसतात. काकडीच्या चकत्यांची सगळी करामत एवढीच: त्या थंड असतात.

खाजेचं दुसरं मोठं कारण म्हणजे पापणीचा संपर्कजन्य दाह. इथे फसवणूक अशी की दोष असलेली वस्तू पापणीला लावलेलीच नसते. नेलपॉलिशमधली रसायनं नखांवर, बोटांवर बहुतेकदा काहीही करत नाहीत, पण ती बोटं डोळ्यांपर्यंत गेली की पापणी मात्र चिडते. शाम्पू, हेअर डाय, सुगंध, डोळ्यांच्या थेंबांमधली प्रिझर्व्हेटिव्ह, आयलायनर, आणि हो, खुद्द आय क्रीम. पापण्या खवल्यासारख्या सुटत असतील तर सगळं बंद करून तीन-चार आठवडे साधी सुगंधविरहित मॉइश्चरायझिंग क्रीम तेवढी लावून बघा. तरी दाह राहिला तर पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात, आणि पापणीच्या दाहाचा उलगडा कित्येकदा तिथेच होतो. मेकअप काढतानाही घासू नका. रिमूव्हरने ओला केलेला कापूस अर्धा मिनिट मिटल्या पापणीवर नुसता धरला की मेकअप आपोआप सुटतो.

तपकिरी रंगाची बाकीची कारणं भरभर सांगते. सर्वांत मोठं म्हणजे घराणं: आईचे किंवा वडिलांचे विशीतले फोटो काढा, अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो. असा उपजत रंग फिका करता येतो, पुसता येत नाही, आणि तो पुसून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. मानेवर, काखेत कातडी काळी आणि मखमली झाली असेल आणि डोळ्यांभोवतीही तसंच असेल तर ते इन्सुलिनचा प्रतिरोध वाढल्याचं लक्षण असू शकतं. तिथे क्रीमच्या आधी साखर तपासायची. काचबिंदूच्या काही थेंबांनी, लॅटानोप्रॉस्ट किंवा बायमॅटोप्रॉस्टच्या गटातल्या, पापण्या काळवंडतात आणि डोळे आत गेल्यासारखे दिसतात. हे बहुतेकदा औषध बदलल्यावर काही महिन्यांत ओसरतं, पण थेंब मनाने बंद करू नका. पापण्यांच्या केसांची वाढ करणाऱ्या काही सीरममध्येही याच जातीचे घटक असतात, म्हणून कोरीव पापण्यांच्या हौसेपायी वर्तुळं आलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. एकाच बाजूला निळसर-राखाडी डाग आणि त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागातही तसाच रंग, तर ती ओटाची नेव्हस नावाची जन्मखूण असू शकते. तिचा उपचार वेगळा, आणि तिथे डोळ्यांची नियमित तपासणीही लागते.

झोपेबद्दल लोक मला भांडून विचारतात, कारण तुमच्यासारखे आठ तास झोपणारे पुष्कळ आहेत. एक रात्र जागलात तर दुसऱ्या दिवशी चेहरा फिकट पडतो, फिकट कातडीत शिरा जास्त उठून दिसतात, पापण्या किंचित सुजतात. हे खरं. पण जी वर्तुळं रंगद्रव्याची किंवा हाडाच्या ठेवणीची आहेत ती झोपून जात नाहीत. पाण्याचंही तेच. तहानेपेक्षा जास्त प्यायलेलं पाणी पापणीपर्यंत न जाता सरळ लघवीत जातं. रात्री खारट खाल्लं किंवा दारू घेतली तर सकाळी पापण्या फुगतात, आणि फुगवट्याखाली सावली गडद होते. त्यावर उशी थोडी उंच घ्यायची, एवढंच. रक्त कमी असलं तर कातडी फिकट होऊन वर्तुळं ठळक दिसतात, म्हणून तुमच्या ‘नॉर्मल’ तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड होतं का ते रिपोर्ट काढून बघा. हिमोग्लोबिन ठीक असताना शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. पण लोहाची गोळी घेतली की वर्तुळं जातील असं मी कुणालाच सांगत नाही. फिकटपणा जातो, खाली वर्तुळांचं काय उरतं ते मग कळतं.

आता क्रीम. तुमची तीन संपली, पण त्यांत सनस्क्रीन होतं का? तपकिरी रंगावर सनस्क्रीनशिवाय काहीही लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. एसपीएफ 30 किंवा जास्त, झिंक ऑक्साइडवर आधारलेलं घेतलं तर डोळ्यांना कमी झोंबतं. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो, आणि तो साध्या सनस्क्रीनने फारसा अडत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन त्यालाही अडवतं. शिवाय लावल्या लावल्या वर्तुळं झाकलीही जातात. उन्हात मोठ्या काचांचा गॉगल घाला. त्याने डोळे बारीक करण्याची सवयही सुटते.

लावायचं कुठे, हे डबीवर धड लिहिलेलं नसतं. बोटाने डोळ्याखालचं हाड चाचपा. क्रीम त्या हाडाच्या कडेवर लावायचं, पापणीच्या केसांपर्यंत न्यायचं नाही. कातडीच्या उबेने आणि पापण्यांच्या उघडझापीने ते आपसूक वर सरकतं. मुगाच्या दाण्याएवढं दोन्ही डोळ्यांना मिळून पुरतं. अनामिकेने टिपून लावा, कारण त्या बोटाचा जोर कमी पडतो.

घटकांत मला सौम्यपासून सुरुवात करायला आवडतं: नियासिनामाइड, व्हिटॅमिन सी, ॲझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड किंवा आर्ब्युटिन यांपैकी एक. तीन-चार एकदम नकोत. पापणी चिडली तर दोष कुणाला द्यायचा? सहा-आठ आठवडे सोसलं तर रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन एच्या जातीचा घटक), आठवड्यातून दोनदा, आधी मॉइश्चरायझिंग क्रीम लावून त्यावर. रेटिनॉल रंगाबरोबरच महिनोन्महिन्यांत कातडीलाही थोडी जाडी देतं, म्हणून शिरांच्या निळेपणावर दीर्घकाळात काहीसा उपयोग होतो. मूल होण्याचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर रेटिनॉल आणि रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन दोन्ही बाजूला ठेवा. ॲझेलेइक ॲसिड तेव्हा चालतं, तरी डॉक्टरांना विचारून. कॅफिनच्या क्रीमने शिरा काही तास आकसतात. लग्नाला जाण्याआधी ठीक, उपचार म्हणून नाही. एकूणच आय क्रीम हा प्रकार म्हणजे डबी लहान आणि दावा मोठा.

हायड्रोक्विनोन चांगलं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या हातात, ठरावीक मुदतीपुरतं, साधारण तीन महिन्यांच्या आत. वर्षानुवर्षं लावल्यावर त्यानेच निळसर-काळे डाग पडू शकतात, आणि ते काढणं मूळ काळेपणा काढण्यापेक्षा कठीण. त्याहून मला भीती वाटते ती ‘तिहेरी’ क्रीमची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (रेटिनॉलच्याच गटातलं औषध) आणि स्टेरॉइड यांचं हे मिश्रण क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडलं; मेलाज्मावर, म्हणजे वांगावर, ते आजही वापरतात. पण मैत्रिणीच्या वांगावर लागू पडलेली ट्यूब आपल्या डोळ्यांखाली लावणाऱ्या बायका दर आठवड्याला येतात. पहिल्या महिन्यात रंग झपाट्याने उजळतो, म्हणून खुशीत लावत राहतात. स्टेरॉइडने आधीच पातळ असलेली पापणी आणखी पातळ होते, खालच्या शिरा उघड्या पडतात आणि नवीन निळी वर्तुळं तयार होतात. पापणीवर दीर्घकाळ लावलेल्या स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा; नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असलेला घटक दिसला तर ती दाखवल्याशिवाय वापरू नका. लिंबाचा रस, टूथपेस्ट आणि बेकिंग सोड्याबद्दल वेगळं बोलत नाही. पापणी भाजते. भाजलेली पापणी काळी होऊन बरी होते.

लेसर सांगणाऱ्या डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न: कुठलं लेसर, आणि कशासाठी? लेसर हे काही एकच यंत्र नाही. रंगद्रव्य फोडायला क्यू-स्विच्ड एनडी-याग वापरतात, 1064 नॅनोमीटरचं. त्याच तरंगलांबीचं पण लांब स्पंदनांचं लेसर शिरांसाठी. सैल, सुरकुतलेल्या कातडीसाठी तिसरंच, फ्रॅक्शनल. निळ्या वर्तुळांवर रंगद्रव्याचं लेसर मारून काही निष्पन्न होत नाही. दुसरा प्रश्न: डोळ्यांचं संरक्षण कसं करणार? पापणीवर, हाडाच्या कडेच्या आत काम करायचं असेल तर बुबुळावर धातूची ढाल बसवावी लागते. नुसता बाहेरचा चष्मा पुरत नाही. तिसरा: माझ्या रंगाच्या कातडीवर तुम्ही हे किती वेळा केलंय? सावळ्या कातडीत लेसरच्या उष्णतेने झालेला दाह स्वतःच काळा डाग सोडून जातो. आणि तुम्ही अजून डोळे चोळत असाल तर लेसरने घालवलेला रंग चोळून परत आणाल. केमिकल पीलचंही, म्हणजे रसायनाने कातडीचा वरचा थर सोलवण्याचंही, तसंच, फक्त ते सौम्य असतं आणि चुकलं तर नुकसान सहसा कमी.

फिलर मला वाईट वाटत नाही. सावलीवर तोच खरा उपाय आहे, कारण घळ क्रीमने भरत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल हाडालगत खोलवर भरतात, परिणाम लगेच दिसतो आणि या जागी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. पण हीच जागा फिलरसाठी सर्वांत नखरेल. जेल वरच्या थरात पडलं तर कातडीतून निळसर दिसतं, म्हणजे ज्यासाठी गेलात तेच घेऊन आलात. फार क्वचित, पण जेल रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून ते विरघळवणारं हायल्युरॉनिडेझ हे एन्झाइम खोलीत तयार आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारायला लाजू नका. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण. हे जेल पाणी धरून ठेवतं. ज्यांच्या पापण्या ॲलर्जीने सकाळी सुजतात त्यांच्यात फिलरनंतर ती सूज जास्त आणि जास्त वेळ राहते. नाक ताब्यात येईपर्यंत फिलर नको, हे माझं स्पष्ट मत. वयाबरोबर डोळ्याखालची चरबी पुढे येऊन पिशव्या झाल्या असतील तर फिलरपेक्षा शस्त्रक्रिया बरी. ती पापणीच्या आतल्या बाजूने करता येते आणि बाहेर वण दिसत नाही. 31 व्या वर्षी सहसा ती वेळ येत नाही. पीआरपीबद्दल, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून टोचण्याबद्दल, बरंच ऐकाल. थोडाफार फायदा झालेले पेशंट आहेत, पण पुरावा अजून तोकडा आहे आणि मी ते स्वतःहून सुचवत नाही.

तोवर कन्सीलर वापरायला हरकत नाही, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. निळसर-तपकिरी रंगावर आधी पीच किंवा नारिंगी छटा, मग त्यावर कातडीच्या रंगाचा कन्सीलर. थेट उजळ कन्सीलर लावला तर वर्तुळं राखेसारखी दिसतात.

थांबू नये अशा गोष्टी: डोक्याला मार लागल्यानंतर दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालं तर तासाभरात इस्पितळात, कारण ते कवटीच्या तळाच्या हाडाचं फ्रॅक्चर असू शकतं. मार न लागता पापण्यांवर रक्त साकळल्यासारखे डाग येत असतील, लहान मुलाच्या डोळ्यांभोवती अचानक काळंनिळं झालं असेल, किंवा रोज सकाळी पापण्या सुजून पायही सुजत असतील आणि लघवीला फेस येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाच्या आधी फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज दुपारी खिडकीपाशी, मेकअप न करता, एक फोटो काढा; त्या जागेवर आणि त्या वेळेवर खूण करून ठेवा. या आठवड्यात ईएनटी किंवा ॲलर्जी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना शिंकांबरोबर वर्तुळंही दाखवा. उरलेली आय क्रीम्स बंद. छटा असलेलं सनस्क्रीन आणि साधी मॉइश्चरायझिंग क्रीम चालू. महिन्यानंतर नियासिनामाइड किंवा ॲझेलेइक ॲसिड. कातडीच्या वरच्या थराला पूर्ण बदलायला चारेक आठवडे लागतात आणि वय वाढेल तसं जास्तच, म्हणून बारा आठवड्यांच्या आत ‘फरक नाही’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही. बारा आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी दुसरा फोटो काढा. निळेपणा आणि सकाळची सूज कमी झालेली असेल असा माझा अंदाज आहे. तपकिरी रंग थोडा उरेल. त्याच्यासाठी पील किंवा लेसर हवं का, आणि घळीसाठी फिलर हवं का, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवून ठरवू. येताना संपलेल्या तिन्ही क्रीमच्या रिकाम्या डब्या तेवढ्या घेऊन या. त्यांच्या मागचं बारीक अक्षर मला वाचायचं आहे.